गोपनीय परीक्षण आणि आरोग्यसंशोधनाचे अनुदान : एक ऐतिहासिक विवेचन

१

आरोग्यविषयक संशोधनासाठी शासनाकडे द्रव्यसाहाय्य मागणारा अर्ज धुळ्याहून निघो की जळगावाहून, त्याचा निर्णय अर्जदाराच्या समक्ष होत नाही. अर्ज तज्ज्ञांकडे जातो, तज्ज्ञ आपले मत लेखी देतात, त्या मतांचा विचार एका समितीच्या बैठकीत होतो आणि ती बैठक बंद असते. ही पद्धत आज इतकी रूढ झाली आहे की तिलाही एक इतिहास आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बंद खोलीतील निर्णयास एक पक्ष अन्याय म्हणतो, तर दुसरा पक्ष त्याच पद्धतीस निःपक्षपाताची एकमेव हमी मानतो. दोन्ही पक्ष ‘गोपनीय’ हा एकच शब्द वापरतात. परंतु त्या शब्दाने नेमके काय झाकले जाते, याची फोड दोघेही करीत नाहीत.

वस्तुतः अशा बैठकीत निरनिराळ्या पाच गोष्टी झाकल्या जाण्याचा संभव असतो. पहिली, अर्जात मांडलेली अप्रकाशित कल्पना; दुसरी, ज्या रुग्णांवर वा समाजावर संशोधन व्हावयाचे त्यांची ओळख; तिसरी, परीक्षकाचे नाव; चौथी, परीक्षकाने दिलेले कारण; आणि पाचवी, बैठक झाली ही घटनाच. या पाच गोष्टींचे समर्थन एकाच युक्तिवादाने होऊ शकत नाही. भारतातील वैद्यकीय संशोधनाच्या व्यवस्थेचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, पहिल्या तीन गोष्टी झाकल्याने संशोधनाचे रक्षण झाले आहे, तर शेवटच्या दोन झाकल्याने त्याची हानी झाली आहे. प्रस्तुत निबंधात हाच मुद्दा काही प्रसंगांच्या आधारे मांडावयाचा आहे.

आरंभी शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘गोपनीय’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘गुप्’ या संस्कृत धातूचा मूळ अर्थ लपविणे हा नसून राखणे, रक्षण करणे हा आहे. ‘गोप’ म्हणजे गाई राखणारा. ‘चंद्रगुप्त’ या नावातील ‘गुप्त’ म्हणजे रक्षिलेला. जे मोलाचे असते ते राखावे लागते, आणि जे राखावयाचे ते पुष्कळदा लोकांच्या दृष्टीआड ठेवावे लागते. या क्रमाने रक्षणाच्या अर्थातून लपविण्याचा अर्थ उत्पन्न झाला, आणि कालांतराने मूळ अर्थ मागे पडला. मराठीत दुसरा एक शब्द आहे तो ‘खलबत’. एकांत या अर्थाच्या अरबी शब्दापासून फारसीच्या द्वारे तो आला आणि राजकारणाच्या भाषेत स्थिरावला. रायगडावर खलबतखाना दाखविला जातो. खलबतात राखण्याची कल्पना नाही. तेथे केवळ दार लावून केलेला विचारविनिमय आहे. अनुदानाच्या बैठका गोपनीय असाव्यात की त्या खलबते व्हाव्यात, असा प्रश्न या दोन शब्दांच्या भेदातून उभा राहतो.

२

या इतिहासातील पहिला महत्त्वाचा प्रसंग मुंबईतील परळ येथे घडला. १८९६ साली मुंबईस प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत ती सर्व इलाख्यात पसरली. खानदेशही तीतून सुटला नाही. त्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता. त्याची पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ साली झाली आणि जळगाव व धुळे ही अनुक्रमे त्यांची मुख्य ठिकाणे ठरली. साथ आवरण्यासाठी सरकारने १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा करून व्यापक अधिकार घेतले. दुसऱ्या बाजूस वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात गेली आणि तेथून देशाच्या निरनिराळ्या भागांस लस पाठविली जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांस ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांस एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. बाटलीत विष शिरले ते परळच्या प्रयोगशाळेत, की गावात बाटली उघडताना, एवढाच प्रश्न होता. बाटली उघडण्याच्या वेळी एका साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट नोंदलेली होती. सरकारने मुंबईच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीमंडळ नेमले. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, असा मंडळाचा निष्कर्ष होता. म्हणजे दोष परळकडे आला. हाफकिन याला प्रयोगशाळेचे संचालकपद सोडावे लागले.

निष्कर्ष बरोबर होता की चूक, यापेक्षा तो कोणत्या रीतीने हाताळला गेला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. चौकशीचा अहवाल व तीतील साक्षीपुरावे तीन वर्षांहून अधिक काळ लोकांपुढे ठेवण्यात आले नाहीत. निर्णयाचा परिणाम सर्वांस दिसत होता. निर्णयाचे कारण मात्र कोणासही तपासता येत नव्हते. ज्या शास्त्राच्या बळावर हा निर्णय झाला त्या शास्त्रातील इतर जाणकारांस त्याची परीक्षा करण्याची संधी मिळाली ती कागद छापले गेल्यावरच. कागद बाहेर येताच चित्र पालटले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात रोनाल्ड रॉस, सायमन फ्लेक्सनर आदी दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिनवरील आरोप पुराव्यास टिकत नाही, असे त्यांनी त्यात निःसंदिग्धपणे म्हटले होते. त्यानंतर त्याला दोषमुक्त मानण्यात आले व पुन्हा हिंदुस्थानात नेमणूक मिळाली. परंतु परळची प्रयोगशाळा त्याच्याकडे परत आली नाही. त्याचे नाव त्या संस्थेस लाभले ते १९२५ साली.

मुल्कोवालचे प्रकरण अनुदानाचे नव्हते, हे खरे. परंतु शास्त्रीय कार्याचे मूल्यमापन सरकारने बंद दाराआड करावे, त्याचा निकाल अमलात आणावा आणि कारणे पेटीत ठेवावीत, या पद्धतीचे ते हिंदुस्थानातील अत्यंत स्पष्ट उदाहरण आहे. गुप्ततेमुळे मंडळ चुकले, असे म्हणता येणार नाही. माणसांची मंडळे उघड्यावरही चुकतात. गुप्ततेमुळे झाले ते एवढेच की, चूक दुरुस्त होण्यास वर्षे लागली.

याच परळच्या इमारतीत त्याच सुमारास याच्या उलट पद्धतीचे एक उदाहरण घडत होते. १९०५ साली प्लेगसंशोधन मंडळाने काम सुरू केले. भारतमंत्र्यांचे खाते, रॉयल सोसायटी व लिस्टर संस्था यांच्या संयुक्त सल्लागार समितीच्या देखरेखीखाली ते चालत असे. उंदरावरील पिसवा हे प्लेगच्या प्रसाराचे मुख्य साधन होय, ही गोष्ट या मंडळाच्या कार्याने प्रस्थापित झाली. या मंडळाचे प्रयोग, कोष्टके व निरीक्षणे १९०६ पासून इंग्लंडमधील आरोग्यशास्त्राच्या एका नियतकालिकात विस्ताराने प्रसिद्ध होत गेली. त्यामुळे जगातील कोणाही अभ्यासकास ती पडताळून पाहता येत होती. एकाच छताखाली, एकाच रोगाविषयी आणि एकाच सरकारच्या पैशाने चाललेल्या या दोन कामांतील भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

३

संशोधनास नियमित अनुदान देणारी अखिल भारतीय संस्था १९११ साली निघाली. तिचे नाव ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर हे तिचे प्रवर्तक होते आणि पाच लाख रुपयांच्या तरतुदीने तिचा आरंभ झाला. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईस प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे परळच्या त्याच वास्तूत, बटलर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पुढे १९१३ पासून संस्थेचे संशोधनविषयक नियतकालिकही निघू लागले.

या संस्थेची रचना दोन पायऱ्यांची होती. शास्त्रज्ञांचे सल्लागार मंडळ योजनांविषयी मत देई आणि पैशाचा निर्णय नियामक मंडळ करी. तज्ज्ञाचे मत व कोषाची जबाबदारी यांची ही फारकत पुढेही अनेक ठिकाणी अनुदानपद्धतीचा पाया ठरली. तथापि आरंभीच्या काळात ही फारकत बरीचशी कागदावर होती. सल्ला देणारे, निर्णय करणारे आणि पैसे मागणारे हे बहुतांशी एकाच इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी होते. ते परस्परांस ओळखत, एकमेकांच्या हाताखाली काम करीत. अशा मंडळात परीक्षकाचे नाव अर्जदारापासून झाकण्यास फारसा अर्थ नव्हता. त्या बैठका बंद होत्या त्या परीक्षकाच्या रक्षणासाठी नव्हे, तर सरकारी कामकाज बंदच असावयाचे या सर्वसाधारण समजुतीमुळे, असे अनुमान करावयास जागा आहे. १८८९ चा सरकारी गुपितांचा कायदा, १९०४ साली त्यास मिळालेली अधिक कडक धार आणि त्यानंतरचा १९२३ चा कायदा ही त्या समजुतीची कायदेशीर रूपे होत. शासनाच्या दफ्तरातील कागद हा मुळातच झाकावयाचा कागद, हे त्यांमागील गृहीत होते.

अशा व्यवस्थेत एखाद्या संशोधनाचे भवितव्य कसे हेलकावे खाई, याचे उदाहरण कुन्नूरचे आहे. तेथे १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन याने बेरीबेरी या रोगाची चौकशी हाती घेतली आणि तीतून आहारातील उणिवांचे मोठे संशोधन उभे राहिले. १९२३ साली इंचकेप समितीच्या काटकसरीत ते बंद पडले आणि १९२५ साली पुन्हा सुरू झाले. संशोधनाचा प्रश्न दोन्ही वर्षी तोच होता, संशोधकही तोच होता. बदलला होता तो केवळ तिजोरीचा हिशेब. परंतु या ठिकाणी कारण उघड होते. काटकसरीसाठी नेमलेल्या समितीची शिफारस सर्वांस माहीत होती; म्हणून तिच्याविरुद्ध बोलता आले आणि काम पुन्हा उभे करता आले. कारण ठाऊक असलेला नकार हा अंतिम नसतो, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

१९२७-२८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचे सचिव सर वॉल्टर फ्लेचर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील वैद्यकीय संशोधनाच्या संघटनेचा विचार करण्यासाठी एक समिती येऊन गेली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली या संस्थेचे नाव भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद असे झाले. तिचे पहिले संचालक चिंतामण गोविंद पंडित यांच्या काळात परिषदेचा व्याप वाढला. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहता १९५२ साली पुण्यास विषाणुसंशोधन केंद्र निघाले आणि १९५७ साली मुंबईस रक्तगटांविषयीचे संदर्भकेंद्र स्थापन झाले. नोकरीतील अधिकाऱ्यांच्या लहानशा वर्तुळाऐवजी आता देशभरातील महाविद्यालये व विद्यापीठे अर्ज करू लागली. परीक्षक व अर्जदार हे परस्परांस अपरिचित असण्याचा आणि त्याच वेळी परस्परांचे स्पर्धक असण्याचाही संभव प्रथमच निर्माण झाला. परीक्षकाच्या नावाच्या गोपनीयतेस खरा अर्थ आला तो येथून पुढे. कनिष्ठ अध्यापकास आपल्या क्षेत्रातील वडीलधाऱ्याच्या योजनेविषयी निर्भयपणे लिहावयाचे असेल, तर त्याचे नाव झाकलेले असणेच इष्ट होय.

४

परदेशांतील अनुभव या ठिकाणी तुलनेसाठी घेणे योग्य होईल. इंग्लंडमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यातून वैद्यकीय संशोधनासाठी प्रत्येक विमेदारामागे वर्षास एक पेनी बाजूस काढण्याची व्यवस्था झाली आणि १९१३ साली त्या निधीसाठी समिती नेमली गेली. हिंदुस्थानातील संस्था व ही समिती या जवळजवळ जुळ्या होत. परंतु अनुदानाच्या परीक्षणाचा विस्तार व त्याविषयीचा वाद यांचा खरा इतिहास अमेरिकेत घडला. तेथे १९३७ च्या कायद्याने कर्करोगसंशोधनासाठी राष्ट्रीय सल्लागार मंडळ निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, राष्ट्रीय आरोग्यसंस्थेत अनुदानांचा स्वतंत्र विभाग निघाला. विषयवार अभ्यासगट अर्जांचे शास्त्रीय मूल्य ठरवीत आणि त्यावर सल्लागार मंडळ विचार करी. येथेही पायऱ्या दोनच होत्या, आणि अभ्यासगटांच्या बैठका बंद असत.

१९७० नंतरच्या दशकात या बंद दारावर प्रथम धक्के बसले. १९७२ साली सल्लागार समित्यांविषयीचा कायदा झाला आणि १९७६ साली शासकीय मंडळांच्या बैठका खुल्या असाव्यात, अशा आशयाचा कायदा झाला. अनुदानाच्या अर्जांचे परीक्षण करणाऱ्या बैठकांस या तत्त्वातून सूट मिळाली. परंतु ती सरसकट नव्हे. व्यापारी स्वरूपाची गुपिते व वैयक्तिक खाजगीपणा या दोन नेमक्या कारणांचा उल्लेख करूनच बैठक बंद ठेवता येते. शिवाय बैठकीची तारीख, तिचे स्थळ, तिचा विषय आणि ती बंद का आहे, हे शासकीय राजपत्रात साधारणतः पंधरा दिवस अगोदर छापावे लागते. अभ्यासगटाच्या सभासदांची यादी प्रसिद्ध होते. मात्र कोणत्या अर्जावर कोणी काय लिहिले, हे उघड होत नाही. अर्जदारास परीक्षणाचा लेखी गोषवारा मिळतो. म्हणजे बैठक बंद, परंतु बैठकीची वार्ता उघड. परीक्षक गटात उघड, परंतु व्यक्तिशः झाकलेला. आणि कारण अर्जदारापुरते उघड, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी वादाशिवाय झाली नाही. मुलांवर मनोविकारांच्या औषधांचे प्रयोग करणाऱ्या काही सरकारी अनुदानित योजनांची माहिती एका लोकहितवादी संस्थेने मागितली, तेव्हा शास्त्रज्ञाची कल्पना हे व्यापारी गुपित होय, असे सरकारने म्हटले. १९७४ साली वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने हे म्हणणे नाकारले. व्यापार न करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या संशोधनाची आखणी हे व्यापारी गुपित ठरू शकत नाही, असा त्याचा निर्णय होता. परंतु परीक्षकांचे अहवाल हे शासनांतर्गत विचारविनिमयाचे कागद म्हणून झाकलेले राहू शकतात, हेही त्याच न्यायालयाने मान्य केले. या निर्णयाच्या मुळाशी लहान मुलांच्या शरीराचा प्रश्न होता, ही गोष्ट विसरता कामा नये. आरोग्यसंशोधनातील गुप्तता व इतर शास्त्रांतील गुप्तता यांत हा मूलभूत भेद आहे. येथे संशोधनाचे साहित्य म्हणजे जिवंत माणूस असतो, आणि त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा कोणी बंद खोलीत बसलेलाच असेल, असे नाही.

५

भारतात शासकीय कागद हा मुळातच झाकावयाचा कागद, हे गृहीत कायद्याने बदलले ते २००५ साली. महाराष्ट्राने त्यापूर्वीच आपल्यापुरता माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता. त्यानंतर केंद्राचा कायदा आला. त्या कायद्याच्या कलम ४ मधील दोन तरतुदी प्रस्तुत विषयास थेट लागू पडतात. पहिली अशी की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे, परिषदा व समित्या यांची माहिती देऊन त्यांच्या बैठका लोकांस खुल्या आहेत काय आणि त्यांची इतिवृत्ते लोकांस पाहता येतात काय, हे आपण होऊन प्रसिद्ध करावे. दुसरी अशी की, प्रशासकीय वा न्यायिकवत निर्णयाची कारणे त्या निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांस द्यावीत. कायदा बैठक खुली करावयास सांगत नाही. ती बंद आहे, हे उघडपणे सांगावयास आणि कारण द्यावयास सांगतो.

कलम ८ मध्ये अपवाद आहेत. व्यापारी विश्वास व बौद्धिक संपदा, विश्वासाच्या नात्याने मिळालेली माहिती, जिच्यामुळे एखाद्याच्या जीवितास वा सुरक्षिततेस धोका पोहोचेल अशी माहिती आणि वैयक्तिक माहिती हे त्यांतील प्रमुख होत. कागदाचा काही भाग अपवादात बसत असेल, तर तेवढा झाकून उरलेला द्यावा, असे कलम १० सांगते. संबंध फाईल एका शब्दाने झाकण्याची जुनी रीत या कलमास मान्य नाही.

या तरतुदींचा अर्थ न्यायालयांनी लावला तो अनुदानाच्या संदर्भात नव्हे, तर परीक्षेच्या संदर्भात. २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, विद्यार्थ्यास आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे. परंतु ती तपासणाऱ्याचे नाव त्यास मिळणार नाही. २०१२ साली बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात मुलाखतमंडळाच्या सभासदांची नावे झाकलेली राहू शकतात, असे त्याच न्यायालयाने म्हटले. नाव व कारण यांतील जो भेद हाफकिनच्या काळी कोणाच्या ध्यानात आला नाही, तो एका शतकानंतर उत्तरपत्रिकेच्या निमित्ताने स्पष्ट झाला. अनुदानाचा अर्ज हीदेखील एका परीने उत्तरपत्रिकाच होय. प्रश्नही अर्जदारानेच काढलेला असतो, एवढाच काय तो फरक. हा न्याय तेथेही लावता येईल, असे म्हणण्यास हरकत नसावी.

६

हा सर्व विचार खानदेशाच्या भूमीवर आणला म्हणजे त्यातील दोन्ही बाजूंचे वजन नीट कळते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड खानदेशाविषयी आहे. पश्चिमेकडील जंगलपट्ट्याच्या हिवतापी हवेची नोंद त्यात आढळते. या प्रदेशातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत झाली. त्यानंतर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन याने आफ्रिकेतील निरीक्षणांवरून असे दाखविले की, ज्यांच्यात हा दोष एका पालकाकडूनच आलेला असतो, त्यांस हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणजे जुन्या गॅझेटिअरमधील हवेची नोंद आणि आजच्या पाड्यांतील रक्ताचा विकार यांचा संबंध पोहोचतो. २०२३ साली केंद्र शासनाने या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

अशा विकारावरील संशोधनाच्या अर्जात काय असते, ते पाहावे. कोणत्या पाड्यात, कोणत्या समाजात, किती कुटुंबांत तपासणी व्हावयाची, याचा तपशील त्यात येतो. पाडा लहान असेल, तर नाव न लिहिताही घर ओळखता येते. अमुक घरात हा दोष आहे, अशी वार्ता पसरली, तर त्या घरातील मुलीच्या सोयरिकीवर तिचा परिणाम होतो. येथे गोपनीयता ही शासनाची सोय नसून त्या मुलीचे रक्षण होय. ‘गुप्’ धातूचा मूळ अर्थ येथे पूर्णपणे लागू पडतो. तशीच गोष्ट संशोधकाच्या अप्रकाशित कल्पनेची. धुळ्याच्या वा २०१८ साली सुरू झालेल्या जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तरुण अध्यापकास सुचलेली कल्पना मोठ्या शहरातील सुसज्ज प्रयोगशाळेच्या हाती अगोदर लागू नये, हे न्याय्यच आहे. साधने ज्याच्यापाशी कमी, त्यास या रक्षणाची गरज अधिक.

परंतु त्याच अध्यापकास केवळ ‘अर्ज मान्य झाला नाही’ एवढेच कळले, तर त्याच्या हाती काय उरते? त्याची पद्धत सदोष होती, की विषय गौण ठरला, की निधी अपुरा पडला? पहिल्या कारणावर अभ्यास हा उपाय आहे, दुसऱ्यावर युक्तिवाद, तिसऱ्यावर धीर. कारण न कळता तिन्ही उपाय निरुपयोगी होतात. शिवाय राजधानीत बसलेल्या समितीस सातपुड्यातील वाट, पावसाळ्यात तुटणारा संपर्क वा पाड्यावरील बोली यांची कल्पना असेलच, असे नाही. समितीचा गैरसमज झाला असेल, तर तो दूर करण्याची संधी अर्जदारास कारण कळल्यावरच मिळते. महाराष्ट्रातील मोठ्या केंद्रांत अनुभवी सहकारी अशा वेळी चार गोष्टी सांगतात. १९९० साली ज्या प्रदेशास स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तेथे लेखी कारण हेच त्या अनुभवी सहकाऱ्याचे काम करू शकते.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट उरते, आणि धुळ्याच्या परिसरात ती विसरणे अशक्य आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घरोघरची दफ्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास निवर्तले आणि १९२७ च्या आरंभी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांच्या हयातीत पुण्याचे पेशवे दफ्तर अभ्यासकांस जवळजवळ बंदच होते. इनामे व वतने यांचे दावे त्या कागदांतून उभे राहतील, अशी सरकारला भीती होती. पुढे १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. ते बाहेर पडू शकले, याचे कारण साधे आहे. सरकारने ते कागद झाकले होते, परंतु जाळले नव्हते.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ८ चे एक पोटकलम असे आहे की, वीस वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीची माहिती मागितली असता, राज्याची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद यांच्याशी संबंधित अपवाद वगळता इतर अपवाद लागू पडत नाहीत. म्हणजे आज बंद खोलीत लिहिलेले परीक्षण वीस वर्षांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यास मागता येईल. पाड्यावरील कुटुंबाची ओळख मात्र त्यानंतरही सांभाळली पाहिजे. कारण ते ऋण कायद्याच्या मुदतीने फिटत नाही. परंतु तो कागद तोवर अस्तित्वात असेल तरच हा अधिकार खरा. मान्य झालेल्या अर्जांचा इतिहास प्रबंधांतून व अहवालांतून कसाबसा टिकतो. अमान्य झालेल्या अर्जांचा इतिहास केवळ समितीच्या फाइलीत असतो. एखाद्या प्रदेशाने आपल्या आरोग्याविषयी कोणते प्रश्न विचारले आणि त्यांपैकी कोणते राज्याला महत्त्वाचे वाटले नाहीत, हे सांगणारा दुसरा पुरावा नाही. ती फाइल मुदत संपताच रद्दीत गेली, तर खानदेशाने विचारलेले प्रश्न कधी विचारलेच गेले नव्हते, असा निष्कर्ष उद्याचा इतिहासकार काढील, आणि त्याचा त्यात दोष असणार नाही.

तात्पर्य, बंद बैठकीस विरोध करण्याचे कारण नाही. अर्जदाराची कल्पना, रुग्णाची ओळख व परीक्षकाचे नाव ही झाकली जावीत. बैठक झाली ही वार्ता व निर्णयाचे कारण ही झाकली जाऊ नयेत. आणि जे झाकले ते राखलेही पाहिजे. गोपनीय कागद म्हणजे राखावयाचा कागद, हा त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ शासनाच्या दफ्तरखान्यातही प्रमाण मानला जावयास हवा.